मुलं किती, आणि आईच्या पाठीशी कोण?

पुणे जिल्ह्यात ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेची निवडणूक लागली की अर्जांच्या छाननीत उमेदवाराच्या मुलांच्या जन्मतारखाही पाहिल्या जातात. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल, तर अर्ज बाद.

मुलांच्या संख्येवर हक्क ठरवण्याची ही रीत फार जुनी नाही. त्याच्या कितीतरी आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अडलेल्या विधवेने यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल घेऊन जावं किंवा तिथेच ठेवावं. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला. आधी बाईचा जीव वाचवायचा, चौकशा नंतर, असं ते काम होतं.

महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, पुण्यात शिकलेले र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गेली, तरी ते हटले नाहीत. नको असलेलं मूल नाकारता आलं पाहिजे, हा त्यांच्या लेखी बाईचा हक्क होता. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. त्यासाठीचं भाषण डॉ. आंबेडकरांनी लिहिलं होतं, ते विधिमंडळाचे सदस्य रोहम यांनी वाचलं. ठराव फेटाळला गेला. पुण्यात शकुंतला परांजपे यांनीही हे काम अनेक वर्षं चालवलं.

स्वातंत्र्यानंतर भाषा बदलली. १९५२ मध्ये राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम आला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून वि. म. आणि कुमुदिनी दांडेकरांनी पुणे जिल्ह्यातल्या जनन-मृत्यूची पाहणी केली, ती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. अभ्यास मोलाचाच होता, पण सरकारदरबारी आकड्यांचं उद्दिष्ट झालं. १९७६ मध्ये तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून आपण वाचलो. पुणे जिल्ह्यातल्या वढूच्या परिसरात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करत होत्या. माझ्या मते खरी वाट ती होती.

सक्ती गेली, अटी उरल्या. निवडणुकीची अट आली, २००५ मध्ये सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र आलं. मुलींसाठीच्या २०२३ च्या ‘लेक लाडकी’ योजनेतही दुसऱ्या बाळंतपणानंतर आई किंवा वडिलांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेण्याची अट आहे. तिसऱ्या मुलाचा निर्णय अनेक घरांत सासू-नवरा घेतात, सरपंचपद मात्र बाईचं जातं.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ आहे. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतो. तरी मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे असलेली पगारी बाळंतपणाची रजा तिसऱ्याला १२ वर येते. घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर तेवढीही नाही. मुलं किती असावीत यावर वाद घालायचाच, तर आधी तिच्या बाळंतपणाच्या खर्चाचा आणि पाळणाघराचा घालूया.