शाळाप्रवेशाची सोडत

शाळेतील जागांपेक्षा अर्ज जास्त आले असता पात्र बालकांमधून चिठ्ठीने किंवा संगणकीय क्रमांकाने प्रवेश ठरवण्याची पद्धत. अमेरिकेत ती चार्टर (सरकारी पैशावर पण स्वायत्तपणे चालणाऱ्या) व मॅग्नेट (विशिष्ट विषयांवर भर देणाऱ्या सरकारी) शाळांत रूढ आहे. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 अन्वये खासगी विनाअनुदानित शाळांतील 25 टक्के राखीव जागांसाठी वापरतात.

निवडीसाठी चिठ्ठी टाकण्याच्या प्रथेचे मूळ अथेन्समधील पदवाटपात शोधण्याकडे पाश्चात्त्य अभ्यासकांचा कल आहे. भारतीय अभ्यासक तमिळनाडूतील उत्तरमेरूरच्या चोळकालीन लेखांकडे (सामान्यतः इ. स. 919 व 921) बोट दाखवतात. तेथे नावांची ताडपत्रे घागरीत टाकून लहान मुलाकडून काढवीत. महाराष्ट्राच्या राज्यस्तरीय सोडतीतही मुलांच्या हातून अंकांच्या चिठ्ठ्या काढल्या गेल्या आहेत. साम्य लक्षणीय असले, तरी एवढ्यावरून अखंड परंपरा मानता येत नाही. शालेय सोडतीचे मूळ कायद्यातच पाहणे अधिक सयुक्तिक ठरते. एका बालकाला डावलून दुसऱ्याला घेण्याची, यादृच्छिक नसलेली कोणतीही रीत कलम 2 मधील व्याख्येप्रमाणे चाळणी ठरते आणि कलम 13 नुसार तिला मनाई आहे.

एका बालकाचा क्रमांक सर्व पसंतीच्या शाळांसाठी एकच असावा की शाळागणिक वेगळा, यावर अर्थशास्त्रज्ञांत बराच खल झाला आहे. या चर्चेचा पाया डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली यांच्या 1962 च्या जुळणीसिद्धांतात, म्हणजे दोन बाजूंच्या पसंतीनुसार जोड्या लावण्याच्या सिद्धांतात आहे. एकच क्रमांक असल्यास पहिली पसंती मिळणारी मुले बहुधा वाढतात. मात्र क्रमांक मागचा लागलेले मूल सगळीकडेच मागे पडते. कोणतीही रीत घेतली, तरी तिची समता सोडतीत पोहोचलेल्या अर्जांपुरतीच असते.

सोलापुरात हा मुद्दा कळीचा आहे. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या कुटुंबाची खोली भाड्याची असेल, तर निवासाचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार लागतो. घरमालकाशी व्यवहार तोंडी असला की अर्ज तेथेच अडतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी 1 लाख रुपयांच्या आतील उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखलाही हवा. अर्ज भरताना नकाशावर घराची खूण करावी लागते. ती चुकीच्या जागी पडली, तर सोडतीत नाव लागूनही पडताळणी समितीपुढे प्रवेश जाऊ शकतो. प्राधान्य आधी 1 किमीच्या आतील आणि नंतर 1 ते 3 किमीमधील बालकांना मिळते. त्यामुळे शहराबाहेर कुंभारीला विडी घरकुलात राहणाऱ्या मुलाला शहराच्या मध्यभागातील शाळेसाठी दोन्ही टप्प्यांत स्थान नाही. घर कोठे परवडते यावर मुलाचा क्रम ठरणे अन्यायाचे आहे, हे मत ग्राह्य धरावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक संस्था 25 टक्के राखीव जागांच्या तरतुदीतून वगळल्या. तेलुगू, कन्नड व उर्दू भाषकांच्या या शहरात त्याचा परिणाम दुर्लक्षिण्याजोगा नाही. 9 फेब्रुवारी 2024 च्या राज्याच्या अधिसूचनेने 1 किमीच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती 19 जुलै 2024 रोजी रद्द ठरवली. सोडतीने मिळालेला मोफत प्रवेश आठवीपर्यंतच टिकतो. नववीपासून त्याच शाळेचे पूर्ण शुल्क पालकांवर येते.