पार्श्वभूमी : सुलतान, मुफ्ती आणि व्याजाचा प्रश्न

उस्मानी (ऑटोमन) साम्राज्यात शरियत आणि सुलतानाचा कायदा एकत्र कसे नांदले? मँचेस्टरमध्ये तुर्की शिकवणारे एक इतिहासकार वर्षानुवर्षं याच प्रश्नामागे होते. त्यांचं 1997 चं पुस्तक सुलतान सुलेमानच्या मुख्य मुफ्तीवर, म्हणजे फतवे देणाऱ्या सर्वोच्च धर्मशास्त्र्यावर आहे. 1545 ते 1574 पदावर राहिलेल्या या मुफ्तीने दोन्ही कायद्यांचा समन्वय घडवला, असं पूर्वापार मानलं जाई. पुस्तक वाचल्यावर त्या समन्वयाचा रंग बराच उतरतो. उदाहरणार्थ, 1541 मध्ये हंगेरीतलं बुडा ताब्यात आल्यावर जमिनीची मालकी खजिन्याची आणि रयतेला फक्त वहिवाट, असा नियम लिहिला गेला. वसुलीची रीत जुनीच होती, तिला हनफी (इस्लामी कायद्याच्या एका सुन्नी परंपरेची) परिभाषा मिळाली.

खरा वाद पेटला तो रोख रकमेच्या वक्फावरून, म्हणजे धर्मादाय दानावरून. वक्फ कायमचा हवा, मग खर्च होणारा पैसा वक्फ कसा होईल? शिवाय तो पैसा 10 ते 15 टक्क्यांनी कर्जाऊ दिला जाई. व्याज शरियतला निषिद्ध, म्हणून युक्ती अशी : हजार आक्चे (चांदीची नाणी) द्यायचे, त्यासोबत शंभर आक्चे किमतीचं कापड उधारीवर विकायचं आणि ऋणकोने ते तिथल्या तिथे परत भेट द्यायचं. वर्षाअखेर येणं अकराशे, आणि कागदावर व्याज कुठेच नाही! लष्करी न्यायाधीशपदावरच्या एका विद्वानाने या वक्फांवर बंदी आणवली. मुख्य मुफ्तीने उलट बाजूने प्रबंध लिहिला. त्याचा भर प्रचलित रिवाजावर आणि लोकांच्या सोयीवर होता. 1548 मध्ये बंदी उठली. ती उठवण्यावाचून दुसरा मार्गही नव्हता. 1546 च्या इस्तंबूलच्या नोंदवहीतले जवळजवळ निम्मे वक्फ रोखीचेच होते. ते बुडाले असते तर मशिदींचे इमाम आणि मदरशांचे शिक्षक पगाराविना राहिले असते. विरोधकांचं शास्त्र मात्र कच्चं नव्हतं, हे सहसा सांगितलं जात नाही.

पुढे 1858 चा जमीन कायदा आला, 1869 पासून हनफी दिवाणी कायद्याची कलमवार संहिता निघाली, 1924 मध्ये तुर्की प्रजासत्ताकात शरियत न्यायालयं बंद झाली आणि 1926 मध्ये स्वित्झर्लंडच्या धर्तीवरचा दिवाणी कायदा लागू झाला. 1928 मध्ये अरबी लिपीच्या जागी रोमन लिपी आल्यावर तर काजींची दफ्तरं पुढच्या पिढ्यांना वाचताही येईनात. तेव्हापासून हा विषय जुनी लिपी मुद्दाम शिकणाऱ्या मोजक्या अभ्यासकांच्या हाती राहिला, आणि त्यांच्यातही काजीचे निवाडे वाचणारे व मुफ्तीचे फतवे वाचणारे क्वचितच एकमेकांशी सहमत होतात.