उंबराचे फूल आणि संत्र्याचा खुंट : सजीवांच्या वर्गीकरणाची पार्श्वभूमी

संत्र्याची कलमे घेण्यासाठी पन्हेरीत गेलेला नागपूर भागातला शेतकरी रोप निवडताना आधी जोड पाहतो. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला एक बारीकसा बाक असतो. त्याच्या खाली जंबेरीचा खुंट असतो आणि वर संत्र्याचा डोळा भरलेला असतो. लावणीनंतर खुंटातून काटेरी फूट निघाली तर ती वेळीच मोडावी लागते, कारण ती वाढू दिली तर तिच्यावर संत्री धरत नाहीत, जाड आणि खरबरीत सालीची आंबट जंबेरी धरते. एका रोपात दोन जाती नांदतात, हे शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. मात्र या दोन जाती कशावरून वेगळ्या म्हणायच्या, आणि वेगळ्या असूनही एकमेकींवर जीव धरतात त्या कोणत्या नात्याने, हे सांगायला वनस्पतिशास्त्राला काही शतके लागली.

वर्गीकरणाच्या इतिहासात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. सजीवाला नाव कोणते द्यायचे हा पहिला, आणि त्याला कोणाच्या शेजारी बसवायचे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अठराव्या शतकात बऱ्यापैकी ठरले. दुसऱ्याचे अजूनही बदलते आहे. हा फरक समजून घेण्यासाठी उंबरासारखे दुसरे झाड नाही, असे मला वाटते. दत्ताच्या देवळापाशी, जुन्या विहिरीच्या काठाला, ओढ्याच्या कडेला ते आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे, आणि जवळजवळ प्रत्येक काळातल्या वर्गीकरणाची त्याने परीक्षा घेतली आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात झाडांचे चार प्रकार सांगितले आहेत. ज्यांना केवळ फळे येतात त्या वनस्पती, ज्यांना फुले आणि फळे दोन्ही येतात ते वानस्पत्य, फळ पिकताच ज्यांचे आयुष्य संपते त्या ओषधी आणि ज्या पसरतात किंवा वेल होऊन चढतात त्या वीरुध. मनुस्मृतीतही फुलांवाचून फळणाऱ्या झाडांनाच वनस्पती म्हटले आहे. उंबर, वड आणि पिंपळ या पहिल्या गटात येतात. आज आपण गवतापासून सागापर्यंत सगळ्यांना सरसकट वनस्पती म्हणतो, पण मुळात तो शब्द उंबरासारख्या मोजक्या झाडांचा होता. दुर्मीळ माणसाला ‘उंबराचे फूल’ म्हणण्याची आपली रीतही याच निरीक्षणातून आलेली आहे. प्राण्यांची जरायुज (गर्भातून जन्मणारे), अंडज (अंड्यातून जन्मणारे) आणि स्वेदज (घामातून किंवा ओलाव्यातून उपजणारे), आणि झाडांची उद्भिज्ज (जमीन फोडून उगवणारी), ही विभागणीही तितकीच जुनी आहे. तिचा निकष जन्माची रीत हा होता.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४ ते ३२२) सुमारे ५०० प्राण्यांची माहिती गोळा केली आणि लाल रक्त असलेले व नसलेले असे त्यांचे दोन मोठे गट केले. डॉल्फिन पाण्यात राहत असला तरी तो हवेत श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो, हे त्याने नोंदवले आणि त्याला माशांपासून वेगळे ठेवले. त्याचा शिष्य थिओफ्रास्टसने झाडांची वाटणी वृक्ष, झुडपे, लहान झुडपे आणि शाकीय रोपे अशी केली. ही वाटणी युरोपात दीर्घकाळ टिकली.

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत मात्र नवनवी झाडे इतक्या वेगाने समोर येऊ लागली की जुने साचे पुरेनात. कॅस्पर बोआँ या स्वित्झर्लंडमधल्या वैद्याने १६२३ साली सुमारे ६,००० वनस्पतींच्या नावांची जंत्री छापली. इंग्लंडच्या जॉन रे याने १६८६ मध्ये जातीची एक व्यवहार्य व्याख्या दिली : एकाच झाडाच्या बियांपासून पुन्हा पुन्हा उगवणारी रोपे, वरवरचे फरक असले तरी, एकाच जातीची. अडचण राहिली ती नावांची. आपल्या रानपोपटीच्या गोतातल्या एका रोपट्याचे लॅटिन नाव त्या काळी ‘वर्षायू, पुष्कळ फांद्यांचे, कोनदार गुळगुळीत फांद्यांचे, दातेरी कडांच्या पानांचे’ अशा अर्थाचे होते. ते नाव म्हणजे एक लहानसे वर्णनच होते, आणि नवे जवळचे झाड सापडले की त्यात आणखी एक विशेषण घालावे लागे.

याच काळात मलबारच्या किनाऱ्यावर एक मोठे काम झाले, आणि मराठी वाचकाने त्याकडे आवर्जून लक्ष द्यावे असे ते आहे. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने तिथल्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवून घेतला, आणि तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. झाडांची माहिती दिली ती इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी. या तिघांचे निवेदन पहिल्या खंडात कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत छापलेले आहे. नागरीच्या अगदी आरंभीच्या छापील नमुन्यांत त्याची गणना होते. ग्रंथातल्या अनेक चित्रांवर झाडाचे नाव रोमन, मलयाळम आणि अरबी लिपींबरोबर नागरीतही कोरलेले आहे. वर्गीकरणाचा इतिहास सांगताना या वैद्यांचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो, आणि तो अन्याय आहे. कोणते झाड कोणाच्या जवळचे, कोणाला कोणते नाव, ही ओळख त्यांच्याजवळ आधीच होती. ती कागदावर उतरली म्हणूनच हजारो कोस दूर बसलेल्या माणसाला पुढे तिचा उपयोग झाला.

तो माणूस म्हणजे स्वीडनचा कार्ल लिनियस (१७०७ ते १७७८). त्याच्या ‘सिस्टिमा नॅच्युरी’ची १७३५ सालची पहिली आवृत्ती जेमतेम डझनभर मोठ्या पानांची होती. त्यात त्याने फुलातल्या पुंकेसरांची संख्या आणि रचना पाहून सर्व वनस्पतींचे २४ वर्ग पाडले. कोणीही विद्यार्थी फूल हातात घेऊन, केसर मोजून झाडाचा वर्ग सांगू शकेल, ही या पद्धतीची ताकद होती. उंबर आणि अंजीर यांच्यापुढे मात्र ती अडली, कारण केसर मोजायला फूलच दिसत नाही. आपण ज्याला उंबराचे फळ म्हणतो तो आतून पोकळ पुष्पाधार असतो. कोवळे उंबर उभे चिरून भिंगाखाली धरले, तर आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली दिसतात, आणि टोकाच्या चिमुकल्या छिद्रातून आत शिरणारी एक इवलीशी गांधीलमाशी त्यांचे परागण करते. लिनियसने १७३५ मध्ये अंजिराच्या प्रजातीला गुप्तपुष्पी म्हणून नेचे, शेवाळे आणि बुरशी यांच्या वर्गात बसवले होते. पुढे त्याने तिला तिथून बाहेर काढले, पण चरकाचे निरीक्षण आणि लिनियसची अडचण एकाच ठिकाणी येऊन मिळावी, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

१७५३ सालच्या ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथात लिनियसने प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव दिले, पहिले प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, आणि दुसरे जातीचे. (हल्ली वर्तमानपत्रांत जातीलाच प्रजाती म्हणण्याची सवय पडली आहे, पाठ्यपुस्तकांतला हा भेद राखायला हवा.) उंबराला त्याने फायकस रेसिमोसा म्हटले, आणि त्यासाठी आधार घेतला तो मलबारच्या ग्रंथातल्या ‘अत्ती आलु’ या चित्राचा. तो स्वतः भारतात कधी आला नाही. प्राण्यांसाठी हीच पद्धत त्याने ‘सिस्टिमा नॅच्युरी’च्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीत पूर्णपणे लागू केली, आणि पूर्वी माशांत घातलेल्या देवमाशांना त्याच वेळी सस्तन प्राण्यांत आणले. ॲरिस्टॉटलने जे ओळखले होते ते दोन हजार वर्षांनी पुन्हा जागेवर आले.

लिनियसचा शिष्य योहान कोनिग १७६८ साली तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला आणि ही पद्धत त्याच्याबरोबर इथे रुजली. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झालेला विल्यम रॉक्सबर्ग हा त्या परंपरेतला सर्वांत मोठा नावकरी. विदर्भाच्या जंगलातल्या तेंदूचे शास्त्रीय नाव त्याचेच आहे. उंबराला त्याने फायकस ग्लोमेरेटा असे दुसरे नाव दिले, आणि भारतीय ग्रंथांत ते दीर्घकाळ चालले. अशा दुहेरी नावांच्या गोंधळातूनच आधी छापलेल्या नावाला मान देण्याचा नियम आवश्यक ठरला. वनस्पतींसाठी १७५३ आणि प्राण्यांसाठी १७५८ ही आरंभाची वर्षे आता मान्य आहेत.

केसर मोजण्याची पद्धत कृत्रिम आहे, याची लिनियसलाही कल्पना होती. फ्रान्सच्या अँत्वान लोराँ द ज्युसिए याने १७८९ मध्ये अनेक लक्षणे एकत्र तोलून वनस्पतींची नैसर्गिक कुले, म्हणजे जवळच्या प्रजातींचे गट, मांडली. ही कुले नैसर्गिक का, याचे उत्तर १८५९ मध्ये डार्विनने दिले : साम्य असते ते पूर्वज एक असल्यामुळे. इथून वर्गीकरणाची मांडणी वंशावळीसारखी झाली.

त्याच दशकात नागपूरचे नावही या विषयात आले. १८४५ पासून इथे राहिलेले धर्मप्रचारक स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळीजवळ काळ्या कातळाच्या थरांमधल्या गाळात गोगलगायी, बिया आणि फळे यांचे जीवाश्म शोधले आणि रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर १८५५ साली त्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. नामशेष झालेल्या जीवांनाही जिवंतांच्या शेजारी जागा द्यावी लागते, हे अशा थरांनी दाखवून दिले.

गेल्या काही दशकांत डीएनएच्या तुलनेने जुन्या कुलांची बरीच फेररचना झाली. नागपूरच्या आसपासच्या जंगलांचा राजा साग पूर्वी निर्गुडीसह व्हर्बेनाच्या कुलात होता. आता हे दोघेही तुळशीच्या कुलात गणले जातात. लिनियसच्या मुलाने दिलेले टेक्टोना ग्रँडिस हे नाव मात्र तसेच राहिले, जागा तेवढी बदलली.

सर्वांत मोठा वाद झाला तो लिंबूवर्गाचा. नागपुरी संत्र्याचे सिट्रस रेटिक्युलाटा हे नाव फिलिपाइन्समधल्या फ्रान्सिस्को मान्युएल ब्लांको यांनी १८३७ मध्ये दिले. विसाव्या शतकात अमेरिकेचे वॉल्टर स्विंगल या प्रजातीत १६ जाती मानत, तर जपानचे त्योझाबुरो तानाका दीडशेहून अधिक मानत. दोघांच्याही समोर झाडे तीच होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की बागेतली बहुतेक लिंबूवर्गीय फळे ही महाळुंग, पपनस आणि संत्रा यांसारख्या थोड्या मूळ जातींच्या संकरातून आलेली आहेत. मोसंबी ही पपनस आणि संत्रा यांच्या मिश्रणातून झाली. जंबेरी ही महाळुंग आणि संत्रावर्गीय झाड यांचा संकर निघाली, म्हणजे पन्हेरीतल्या त्या जोडाच्या खाली जो काटेरी खुंट आहे, त्याच्यात अर्धा वाटा वरच्या डोळ्याच्या गोताचाच आहे.