दोन टिंबांचा फरक

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेचं शेवटचं प्रूफ शेजारच्या दादांनी तपासलं. दादांना अजिबात दिसत नाही. कानात इअरफोन, बोटं कीबोर्डवर आणि स्क्रीन रीडरचा, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा, आवाज इतका भरभर की मला एक शब्द धड कळेना. श्रद्धांजलीच्या पानावर ते थांबले. "या 'दुःख'मध्ये विसर्ग नाही, कोलन आहे."

मी स्क्रीनला नाक लावून पाहिलं. एकाखाली एक दोन टिंबं, झालं! आम्ही तिघांनी ते पान वाचलं होतं. दादांनी टिंबांवर येऊन नमपॅडवरचा २ तीनदा दाबला. आवाज म्हणाला, ५८. विसर्ग असता तर २३०७ म्हणाला असता.

हे युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला ठरवून दिलेले क्रमांक. कॉम्प्युटर अक्षराचं चित्र साठवत नाही, क्रमांक साठवतो. चित्र फॉन्ट काढतो. आपण चित्र वाचतो, स्क्रीन रीडर क्रमांक वाचतो. दादा वापरतात तो एनव्हीडीए मोफत मिळतो. स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी २००६ साली तो लिहायला घेतला. जुन्या कृतिदेव फॉन्टमधला मजकूर असेल तर तो 'भारत'ऐवजी 'एच के के जे आर' वाचतो, कारण त्या फाइलमध्ये खरोखरच रोमन अक्षरं असतात, वर नुसता देवनागरीचा मुखवटा.

सराईत वाचकाची नजर ओळीवरून उड्या मारत जाते आणि ओळखीचा शब्द मेंदूच पुरा करतो. म्हणून ओळीच्या शेवटी एक 'आणि' आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला दुसरा, हे आपल्याला दिसतच नाही. कानाला लगेच खटकतं.

पण कानही फसतो. आम्ही इंदूरकर हिंदीच्या सवयीनं 'सांगितलं कि' लिहून जातो. हिंदीत ती वेलांटी पहिलीच. मराठीत दुसरी हवी. भरभर ऐकताना दोन्ही सारखेच. तिथे दादा बाणाच्या कळेनं एकेक अक्षर ऐकतात. चिन्हांचं वाचनही 'सर्व'वर ठेवतात, नाहीतर स्वल्पविराम न बोलता निसटतात.

मग फाइलभर कोलन शोधले. 'अंतःकरण', 'स्वतः', 'प्रातःकाळ', सगळीकडे तेच. एकदम बदलताही येईना, कारण 'अध्यक्ष:' पुढचा कोलन खराच कोलन होता. दादांनी एकेक ऐकून बदलला.