बाल्फोर यांच्या पत्राआधीची तीन वर्षं

२ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर यांनी ब्रिटनमधल्या ज्यू समाजाचे पुढारी लॉर्ड रॉथशिल्ड यांना एक छोटं पत्र धाडलं. पॅलेस्टाइनमध्ये ज्यू लोकांसाठी ‘राष्ट्रीय घर’ उभं राहावं याला सरकार अनुकूल आहे, हा त्याचा गाभा. हाच ‘बाल्फोर जाहीरनामा’; त्याचं मूळ इंग्रजी वाक्य अवघ्या ६७ शब्दांचं. तेव्हा जेरुसलेमवर अजून तुर्कांचा झेंडा होता.

हे औदार्य अचानक उपजलेलं नव्हतं. याच बाल्फोर यांच्या पंतप्रधानपदाच्या काळात, १९०५ मध्ये, रशियातून जीव वाचवून येणाऱ्या ज्यूंना आळा घालणारा कायदा ब्रिटनने केला होता. चित्र बदललं ते युद्धाने. १९१४ च्या अखेरीस तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरलं आणि सुएझ कालव्याची काळजी लागली. जानेवारी १९१५ मध्ये ब्रिटिश मंत्री हर्बर्ट सॅम्युअल यांनी पॅलेस्टाइनबद्दलचं टिपण मंत्रिमंडळापुढे ठेवलं. पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांना त्यात रस वाटला नाही. त्याच वर्षी कैरोहून ब्रिटनचे इजिप्तमधले उच्चायुक्त मॅकमहोन मक्केच्या शरीफ हुसेन यांना अरब स्वातंत्र्याची आश्वासनं देत होते, तर १९१६ मध्ये साइक्स-पिको कराराने फ्रान्सबरोबर त्याच प्रदेशाची गुपचूप वाटणी झाली.

डिसेंबर १९१६ मध्ये लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले आणि वारं फिरलं. अमेरिका आणि रशियातले ज्यू आपल्या बाजूला वळतील, जर्मनीने आधी घोषणा केली तर पंचाईत होईल, फ्रान्सलाही पॅलेस्टाइनपासून दूर ठेवता येईल, असे हिशेब होते. खाइम वाइझमन हे मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ आणि पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं घर मागणाऱ्या झायोनिस्ट चळवळीचे नेते. दारूगोळ्यासाठी लागणारं अ‍ॅसिटोन त्यांनी बनवून दिलं, त्याचं हे बक्षीस, असं पुढे लॉइड जॉर्ज यांनीच लिहिलं. मला ते पटत नाही. वाइझमन यांचं खरं बळ वर्षानुवर्षं मंत्र्यांना भेटून आपली बाजू पटवण्यात होतं.

सर्वांत तीव्र विरोध केला तो मंत्रिमंडळातल्या एकमेव ज्यू मंत्र्याने. एडविन माँटेग्यू, भारतमंत्री, आपल्याकडे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे परिचित. ज्यूंचा देश पॅलेस्टाइन ठरला की इतर सगळीकडे त्यांना परकं ठरवलं जाईल, अशी त्यांची भीती होती. ऑगस्ट १९१७ च्या टिपणात त्यांनी आपल्याच सरकारवर ज्यूद्वेषाचा ठपका ठेवला. भारताचे माजी व्हाइसरॉय कर्झन यांचा प्रश्न वेगळा आणि अधिक रोखठोक होता: तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांचं काय?

या दडपणाने मसुदा बदलला. जुलैच्या मसुद्यात अख्खं पॅलेस्टाइनच ज्यूंचं राष्ट्रीय घर म्हणून उभं करायचं होतं; अखेरच्या मसुद्यात ते घर ‘पॅलेस्टाइनमध्ये’ आलं. इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना आणि राजकीय दर्जाला बाध येणार नाही, हेही जोडलं गेलं. ३१ ऑक्टोबरला मंत्रिमंडळाने मान्यता दिली तेव्हा माँटेग्यू भारताच्या वाटेवर होते.

पॅलेस्टाइनमधल्या दहांपैकी सुमारे नऊ रहिवासी अरब होते. पत्रात ‘अरब’ हा शब्द कुठेच नाही. त्यांचा उल्लेख ‘ज्यू नसलेले विद्यमान समाज’ असा. त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांची हमी आहे, राजकीय हक्कांची नाही. १९२२ मध्ये राष्ट्रसंघाने मंजूर केलेल्या मँडेटमध्येही, म्हणजे पॅलेस्टाइनचा कारभार ब्रिटनकडे सोपवणाऱ्या आदेशातही, ही रचना जवळजवळ तशीच उतरली.