परदेशातील रोमिंगचे बिल आणि ते टाळण्याच्या वाटा : पार्श्वभूमी

परदेशात मोबाईल वापरला की येणारे बिल लांबच्या अंतरामुळे फुगते, असा समज अजून सर्रास आढळतो, आणि ट्रंक कॉल व एसटीडीच्या जमान्यात वाढलेल्या पिढीला तो साहजिकही वाटतो, कारण तेव्हा गाव जितके लांब तितका दर चढा असे. मात्र लंडनमध्ये उतरलेल्या प्रवाशाने आपल्या भारतीय सिमवरून समोरच्याच रस्त्यावरच्या हॉटेलला फोन लावला, तरी तो फोन त्याला तिथल्या रहिवाशापेक्षा कितीतरी महाग पडत आला आहे. तो आवाज लंडनबाहेर गेलेलाही नसतो. हे पैसे ज्या व्यवहारातून उद्भवतात तो दोन कंपन्यांमधला घाऊक व्यवहार आहे, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत प्रवाशांनी बिल वाचवण्यासाठी ज्या क्लृप्त्या काढल्या, त्या जवळपास सगळ्या या व्यवहाराला वळसा घालण्याच्या आहेत.

या व्यवहाराचा पाया युरोपात घातला गेला. १९८७ साली कोपनहेगन येथे युरोपातील दूरसंचार संस्थांनी एकाच प्रमाणित तंत्रावर मोबाईल सेवा उभारण्याच्या करारावर सह्या केल्या. तेच पुढे जीएसएम म्हणून ओळखले जाऊ लागले. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये या तंत्रावरचा पहिला व्यावसायिक कॉल झाला आणि पुढच्याच वर्षी फिनलंडची सरकारी दूरसंचार कंपनी आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात परस्परांच्या ग्राहकांना सेवा देण्याचा पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार झाला. ग्राहकाची ओळख फोनच्या यंत्रात न ठेवता सिमकार्डात ठेवल्यामुळे हे शक्य झाले होते. प्रत्येक सिममध्ये साठवलेल्या ओळखक्रमांकाचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारतासाठी ते ४०४ आणि ४०५ आहेत. परदेशातल्या विमानतळावर फोन सुरू केला की तिथला टॉवर हे आकडे वाचतो, भारतातल्या मूळ कंपनीकडे चौकशी करतो, आणि 'हा आमचाच ग्राहक, सेवा द्या' असा निरोप आला की फोनवर सिग्नलच्या रेघा उमटतात. त्यानंतरच्या प्रत्येक कॉलची आणि डेटाच्या प्रत्येक वापराची नोंद तिकडची कंपनी करते, त्या नोंदींच्या फायली ठरावीक साच्यात इकडे पाठवते आणि दोघींत ठरलेल्या घाऊक दराने मूळ कंपनीकडून वसुली करते. हा हिशेब अनेकदा कोणत्याच देशाच्या चलनात होत नसे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या हिशेबी एककात तो मांडला जाई.

या घाऊक दरावर आपला नफा चढवून मूळ कंपनी ग्राहकाला बिल लावते. घाऊक दर खाली यावा अशी निकड सुरुवातीला कोणालाच नव्हती. फोन परदेशात ज्याचा सिग्नल जोरकस त्याच्या टॉवरला चिकटे, त्यामुळे एखाद्या कंपनीने दर उतरवला तरी तिच्याकडे जास्त प्रवासी येतील याची खात्री नव्हती. आपल्या ग्राहकांना पसंतीच्या जाळ्याकडे, म्हणजे नेटवर्ककडे, वळवण्याचे तंत्र कंपन्यांच्या हाती बऱ्याच उशिरा आले. शिवाय आज तुम्ही आमच्या माणसाकडून घेता, उद्या आम्ही तुमच्या माणसाकडून घेऊ, असा हा मामला होता. ज्याच्या खिशातून पैसे जायचे तो प्रवासी त्या बैठकीत नसायचाच.

येणाऱ्या कॉलचे पैसे का लागतात, हा प्रश्न मात्र अंतराशी थोडाफार जोडलेला आहे. पुण्याहून कोणी तुमचा भारतीय क्रमांक फिरवला, तर त्याला तुम्ही लंडनला आहात हे ठाऊक नसते आणि तो स्थानिक दरानेच पैसे देतो. कॉल आधी भारतातल्या मूळ कंपनीकडे जातो आणि तिथून लंडनला पाठवला जातो. या दुसऱ्या टप्प्याचा भार उचलणाऱ्यावर पडतो. व्हॉइसमेल, म्हणजे न उचललेल्या कॉलवर निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची सोय, सुरू असेल तर यात आणखी एक मेख असे. लंडनमध्ये फोन वाजतो, तुम्ही तो उचलत नाही, म्हणून लंडनचे जाळे तो कॉल भारतातल्या व्हॉइसमेलकडे परत धाडते. अशा वेळी भारत ते लंडन आणि लंडन ते भारत असे दोन आंतरराष्ट्रीय कॉल तुमच्या नावावर लागू शकत, आणि तेही फोन न उचलता. परदेशी जाण्यापूर्वी कॉल फॉरवर्डिंग बंद करा, हा जाणत्या प्रवाशांचा पहिला सल्ला असे तो यामुळेच.

मराठी माणसाला हे सारे परदेशी जाण्याआधीच घरच्या घरी कळले होते. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन करून देशातील मोबाईल सेवेचा आरंभ केला, तेव्हा मिनिटाला सुमारे १६ रुपये पडत आणि आलेल्या कॉलचेही पैसे मोजावे लागत. येणारे कॉल २००३ मध्ये मोफत झाले. पण परवान्यांसाठी देशाचे तुकडे पाडले होते ते तसेच राहिले. त्यात मुंबई हे एक सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. मुंबईचा क्रमांक पुण्यात किंवा पणजीत पोहोचला की तो 'रोमिंगवर' जाई, आणि गावी गेलेला चाकरमानी फोन उचलण्याऐवजी तो कापून शेजारच्या लँडलाइनवरून उलटा फोन करी. मिस कॉलची सांकेतिक भाषा, म्हणजे एक रिंग दिली तर पोहोचलो आणि दोन दिल्या तर घ्यायला या, ही याच काळात रुळली. देशांतर्गत रोमिंगचा हा जाच ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने टप्प्याटप्प्याने कमी केला आणि २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरल्यावर तो पुरता संपला. पुढच्या वर्षभरात इतर मोठ्या कंपन्यांनाही तो सोडावा लागला. याचे श्रेय नियामकापेक्षा स्पर्धेला अधिक जाते, असे माझे मत आहे.

परदेशाच्या बाबतीत अशी स्पर्धा उशिरा आली, त्यामुळे पळवाटा आधी निघाल्या. १ एप्रिल २००२ पर्यंत भारतातून परदेशी बोलण्याची मक्तेदारी विदेश संचार निगमकडे होती आणि आयएसडीचे दर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. नव्वदच्या दशकात त्यावर 'कॉलबॅक'चा तोडगा निघाला: अमेरिकेतील एका क्रमांकावर रिंग देऊन फोन ठेवायचा, तिथला संगणक उलट फोन करी, आणि कॉल अमेरिकेतून निघाल्याने दर अमेरिकेचा लागे. भारतात हे बेकायदा होते. शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत गेलेल्यांनी मग कॉलिंग कार्डाचा आधार घेतला. किराणा दुकानातून पाच-दहा डॉलरचे कार्ड आणायचे, त्यावरचा पट्टा नाण्याने खरवडायचा आणि लांबलचक पिन दाबून घरी फोन लावायचा. कोकणातले आणि गोव्यातले दर्यावर्दी बंदराला लागताच तिथले स्थानिक सिम विकत घेत. बोटीवर त्यांचा फोन चालत नसे असे नाही, पण जहाजावरचे मोबाईल जाळे उपग्रहामार्फत जोडलेले असते आणि ते कोणत्याच देशात मोडत नाही, म्हणून जमिनीसाठी घेतलेले पॅक तिथे सहसा लागू होत नाहीत. क्रूझवर गेलेले पर्यटक आजही या फरकाला फसतात.

प्रीपेड ग्राहकाला तर सुरुवातीला परदेशी रोमिंग मिळतच नसे, कारण त्याच्या खात्यात किती पैसे शिल्लक आहेत हे परदेशी जाळ्याला कॉल चालू असताना कळण्याची सोय नव्हती. पोस्टपेड ग्राहकाकडून अनामत रक्कम घेऊन सेवा सुरू केली जाई. या अडचणीतून परदेशी कंपन्यांची सिमकार्डे भारतात विकणाऱ्या वा भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचा धंदा उभा राहिला. पासपोर्टची प्रत द्यायची, निघण्याआधी सिम घ्यायचे आणि परत आल्यावर बिल भरायचे, अशी पद्धत होती.

खरा तडाखा डेटाने दिला. कॉल करताना माणसाला आपण बोलतो आहोत हे कळत असते. स्मार्टफोन मात्र खिशात असताना ईमेल आणतो, नकाशे ताजे करतो, अॅप अद्ययावत करतो. आकारणी १० केबीच्या टप्प्याने होत असे आणि जाहिरातीतला दर त्यामुळे किरकोळ दिसे. समजा १० केबीला ५ रुपये असतील, तर एका एमबीचे पाचशे रुपयांच्या वर होतात, आणि आयफेल टॉवरसमोर काढलेला तीन एमबीचा एक फोटो घरी पाठवायला दीड हजार रुपये लागतात. परदेशातून येणाऱ्या नोंदींच्या फायली उशिरा पोहोचत असल्याने बिल किती झाले हे अनेकदा मूळ कंपनीलाही वेळेवर कळत नसे. आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांना युरोपच्या सहलीनंतर आलेले बिल सहलीच्या निम्म्या खर्चाएवढे होते, आणि 'मी तर एकही फोन केला नाही' हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

युरोपीय संघाने हा प्रश्न कायद्याने सोडवायला घेतला. २००७ साली आयुक्त विवियान रेडिंग यांच्या पुढाकाराने कमाल दर ठरवण्यात आले: केलेल्या कॉलला मिनिटाला ४९ सेंट आणि आलेल्या कॉलला २४ सेंट. महत्त्वाची गोष्ट अशी की घाऊक दरांवरही मर्यादा घातली गेली. २०१० पासून, ग्राहकाने वेगळे सांगितले नसेल तर, डेटाचे बिल ५० युरोंवर पोहोचताच सेवा थांबवण्याचे बंधन आले आणि १५ जून २०१७ पासून संघात कुठेही घरच्याच दराने फोन वापरता येऊ लागला. युरोपच्या आधी, २००६ मध्ये, सेलटेल या कंपनीने केनिया, युगांडा आणि टांझानिया या देशांत कायद्याच्या धाकाशिवाय ही सोय दिली होती, कारण तिन्ही देशांतली जाळी तिचीच होती आणि घाऊक दर स्वतःच स्वतःला लावण्यात अर्थ नव्हता. हाच आफ्रिकेतला व्यवसाय, पुढे झैन या नावाने, २०१० मध्ये भारती एअरटेलने विकत घेतला.

युरोपच्या नियमाची हद्द मराठी पर्यटकाला अगदी जवळून दिसते, कारण त्याच्या सहलीत पॅरिसनंतर स्वित्झर्लंड हमखास असते. स्वित्झर्लंड संघाचे सदस्य नाही. पॅरिसला घेतलेल्या फ्रेंच सिमवर व्हिडिओ कॉल चालू असताना बस सीमा ओलांडते, फोन स्विस टॉवर पकडतो, आणि ज्या कंपनीने आपल्या पॅकमध्ये स्वित्झर्लंड धरलेले नाही तिचा दर त्या क्षणापासून बदलतो. ब्रेक्झिटनंतर काही ब्रिटिश कंपन्यांनी युरोपातील रोमिंगचे शुल्क पुन्हा सुरू केले, त्याचेही कारण हेच: कायद्याची सक्ती उठली.

भारताला हा मार्ग एकट्याने घेता येत नाही. ट्राय फार तर भारतीय कंपनीने ग्राहकाला लावायच्या दरावर मर्यादा घालू शकते. परदेशी कंपनीच्या घाऊक दरावर तिचा अंमल चालत नाही. आंतरराष्ट्रीय रोमिंगचे दर ठरवण्याचे स्वातंत्र्य तिने कंपन्यांनाच दिलेले आहे. २०२० मध्ये तिने या विषयावर चर्चापत्रिका काढली, तेव्हा ग्राहकाला अचानक बसणारा बिलाचा धक्का हा त्यातला मुख्य मुद्दा होता.

दरम्यान इंटरनेटने कॉलचा प्रश्न बहुतांशी निकालात काढला. २००३ मध्ये आलेल्या स्काइपने आणि २०१५ पासून व्हॉट्सअॅप कॉलने परदेशातून घरी बोलणे जवळजवळ फुकट केले. हॉटेलच्या वाय-फायवर डोंबिवलीशी तासभर बोलता येऊ लागले. याला ठळक अपवाद संयुक्त अरब अमिरातीचा. तिथे व्हॉट्सअॅपवर निरोप जातात पण कॉल अडवले जातात, आणि दुबईतल्या मराठी कुटुंबांना त्यासाठी परवानगी असलेली वेगळी अॅप ठेवावी लागतात.

मग आले ई-सिम. फोनमध्येच बसवलेल्या या चिपवर कोणत्याही कंपनीचे सिम इंटरनेटवरून उतरवून घेता येते. २०१८ च्या आयफोनपासून त्याचा प्रसार वाढला, आणि घरबसल्या जपानचा किंवा व्हिएतनामचा डेटा विकणारी अॅप निघाली. सिमकार्ड भाड्याने देण्याच्या जुन्या धंद्याची ही पुढची पायरी म्हणता येईल. भारतात मात्र परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि त्याच्या अटी २०२२ मध्ये नव्याने ठरवण्यात आल्या. हे प्रमाणपत्र नसल्याच्या कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन अॅप भारतातील अॅप स्टोअरवरून काढायला लावण्यात आली. सरकारची चिंता बनावट ओळखीवर घेतलेल्या क्रमांकांमार्फत होणाऱ्या फसवणुकीची होती. प्रवाशाची सोय हा त्यात गौण मुद्दा ठरला.

स्वस्त परदेशी सिम हाताशी असूनही भारतीय क्रमांक बंद करून ठेवता येत नाही, याचे कारण ओटीपी. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांसाठी जादा पडताळणी सक्तीची केली आणि पुढे ती पडताळणी मोबाईल क्रमांकाला बांधली गेली. अनिवासी भारतीयांना दहा देशांतल्या क्रमांकांवरून यूपीआय वापरण्याची मुभा २०२३ मध्ये मिळाली. आठवडाभराच्या सहलीला निघालेल्याला तिचा उपयोग नाही. म्हणून सध्याची रूढ पद्धत अशी आहे की परदेशी ई-सिमवर डेटा घ्यायचा, भारतीय सिमचे रोमिंग सुरू पण त्यावरचा डेटा बंद ठेवायचा, आणि त्यावर फक्त एसएमएस येऊ द्यायचे, कारण रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला बहुधा पैसे पडत नाहीत. कॉल आला तर तो नुसता वाजू द्यायचा आणि मागाहून व्हॉट्सअॅपवरून उलटा फोन करायचा. न उचललेल्या कॉलचे पैसे लागत नाहीत; मात्र तो व्हॉइसमेलकडे वळवलेला नाही ना, हे विमानात बसण्यापूर्वीच पाहिलेले असावे.