मोत्यांच्या कथा आणि तुमचे प्रश्न

मोत्यांची खरेदी ठरत आली की एक प्रश्न हमखास येतो, तोही जरा आवाज खाली करून: "मोती घातले की डोळ्यांत पाणी येतं म्हणतात, ते खरं का?" काउंटरवर याचं उत्तर घाईत दिलं जातं, म्हणून हे पत्रक. दंतकथा आम्हालाही आवडतात. पण त्या सांगून मोती विकणं आम्हाला पटत नाही, म्हणून इथे कथा कथेच्या जागी आणि माहिती माहितीच्या जागी ठेवली आहे.

थेंबापासून मोती

हिऱ्याला पैलू पाडावे लागतात. मोती शिंपल्यातून निघतो तोच तयार, चमक घेऊन. समुद्राच्या तळाशी पडलेल्या एका मऊ जिवाच्या पोटात हे घडवलं कुणी, याचा उलगडा होईना, तेव्हा ठिकठिकाणच्या लोकांनी आकाशाकडे बोट दाखवलं. आपल्याकडे त्याचा मान स्वाती नक्षत्राला. भर्तृहरी म्हणतो, तेच पाणी तापल्या लोखंडावर पडलं तर नाव उरत नाही, कमळाच्या पानावर मोत्यासारखं शोभतं आणि स्वातीत शिंपल्यात पडलं तर मोतीच होतं. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहिलं, की शिंपले दव पितात. दव निर्मळ तर मोती पांढरा, गढूळ तर मळकट, आणि मध्येच वीज कडाडली तर शिंपला घाबरून मिटतो व मोती पोकळ राहतो! तेराव्या शतकातल्या फारसी कवी सादीच्या कथेत थेंब समुद्र पाहून ओशाळतो, "याच्यापुढे मी कोण?" म्हणतो, आणि त्या नम्रतेचं फळ म्हणून मोती होतो. थेंब सारखाच, पण भर्तृहरीने त्यातून संगतीचा महिमा सांगितला आणि सादीने विनयाचा.

वराहमिहिराने तर मोत्याची आठ उगमस्थानं मोजली: हत्ती, साप, शिंपला, शंख, ढग, वेळू, मासा आणि डुक्कर. मात्र त्यानेच पुढे म्हटलं आहे, की यांत विपुल आणि उत्तम तो शिंपल्यातलाच. हे वाक्य सहसा कुणी सांगत नाही. हत्तीच्या मस्तकात मोती तयार होत नाही. 'गजमुक्ता' म्हणून कुणी काही दाखवलं तर त्या वाटेला जाऊ नका.

चीनमध्ये मोत्याचं नातं चंद्राशी आणि ड्रॅगनशी. चित्रांत ड्रॅगन ज्या तेजस्वी गोळ्यामागे धावतो तो मोतीच समजला जातो. पण आमच्या आवडीची कथा हपूची आहे. दक्षिण चीनच्या या किनाऱ्यावरचे लोक मोत्यांवर जगायचे. हान राजवटीत तिथल्या लोभी अधिकाऱ्यांनी शिंपले इतके उपसायला लावले, की मोती कंटाळून शेजारच्या मुलखात निघून गेले. पुढे मंग चांग नावाचा सचोटीचा अधिकारी आला, त्याने ती लूट थांबवली आणि वर्षभराच्या आत मोती परतले. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेत तथ्य आहे: बेसुमार उपसा झाला की शिंपले संपतात, विसावा मिळाला की पुन्हा वाढतात.

मोती आणि अश्रू

आता तो मूळ प्रश्न. थेंबासारखा आकार आणि ओलसर चमक यांमुळे मोत्यात अश्रू दिसणं साहजिक आहे. युरोपात नववधूने मोती घालू नयेत अशी समजूत होती, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात ब्रिटनमध्ये सुतकाच्या दागिन्यांत बारीक मोती अश्रूंच्या जागी जडवत. उलट चिनी कथेतला जलमानव पाहा. तो माणसांच्या वस्तीत पाहुणा राहतो, आणि निरोप घेताना एक भांडं मागून रडून ते मोत्यांनी भरतो व यजमानाला देतो. इथेही अश्रूच, पण कृतज्ञतेचे. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ पावित्र्याची खूण म्हणून मोत्यांनी मढलेली असायची. बायबलमध्ये स्वर्गीय नगरीची बारा दारं म्हणजे बारा मोती. तेव्हा एकाच्या शोकाची खूण दुसऱ्याच्या स्वर्गाचं दार असेल, तर अपशकुन मोत्यात नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. नवरत्नांत मोती चंद्राचं रत्न मानतात. त्यासाठी कुणी घेत असेल तर जरूर घ्यावा, पण आम्ही हमी मोत्याची देतो, फळाची नाही.

प्रत्यक्षात काय घडतं

वाळूचा कण शिरला की मोती बनतो, ही जुन्या कथांची आधुनिक बहीण. वाळू शिंपल्याच्या रोजच्या परिचयाची असते, ती तो सहसा बाहेर टाकतो. नैसर्गिक मोत्याची सुरुवात बहुधा परजीवीमुळे किंवा शिंपल्याच्या आतल्या आवरणाला झालेल्या इजेमुळे होते. त्या आवरणाच्या पेशी आत सरकतात आणि भोवती थरावर थर चढवतात. प्रत्येक थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. प्रकाश अशा असंख्य थरांतून परततो, त्यालाच आपण मोत्याचं पाणी म्हणतो.

कल्चर्ड मोत्यात ही सुरुवात माणूस करून देतो. जपानमध्ये कोकिची मिकीमोतो यांनी 1893 मध्ये पहिले अर्धगोल मोती मिळवले. पुढचं काम शिंपल्याचंच, त्यामुळे कल्चर्ड म्हणजे खोटा नव्हे. खोटा ओळखायचा तर भिंगातून छिद्राची कड पाहा: नकली मण्यावरचा मुलामा तिथे पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो. दातांवर हलकेच घासलं तर खरा मोती किंचित खरखरतो, काचेचा मणी बहुधा गुळगुळीत लागतो.

क्लिओपात्राने अँटनीशी पैज लावून मोती व्हिनेगरमध्ये विरघळवून प्यायल्याची कथाही प्लिनीचीच. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणून आम्लात तो खरोखर झिजतो, फक्त कथेतल्याइतका झटपट नाही. घामही थोडा आम्लयुक्त असतो. म्हणून अत्तर, पावडर, केसांचा स्प्रे आधी आणि मोती शेवटी. काढल्यावर मऊ, किंचित ओल्या कापडाने पुसून सर आडवा ठेवा. टांगला तर दोरा ताणतो. प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत मोती कोंडू नका. दोन मोत्यांमधली गाठ सैल झाली किंवा दोरा काळवंडला, तर तुटायची वाट न बघता सर ओवून घ्या.